फळ्यावरचे विश्वविजेते

दिवाळी अंक घरात आला की आमच्याकडे तो शेवटून उघडला जातो. शेवटच्या पानांवर वार्षिक राशिभविष्य असते. आई चष्मा पुसते, आधी माझी रास वाचते, मग सुनेची, मग नातवंडांची आणि सर्वांत शेवटी स्वतःची. 'प्रवासाचे योग', 'पोटाचे विकार संभवतात', 'वरिष्ठांशी नमते घ्यावे' एवढे ऐकून झाले की अंक माझ्या हाती येतो. तोवर त्याला चकलीचे तेल लागलेले असते. या भविष्याशी माझे भांडण नाही. वरिष्ठांशी नमते घ्यावे हे शाळामास्तराला सांगायला ग्रह कशाला हवेत? शिवाय ते भविष्य लिहिणारा मनुष्य सावध असतो. तो 'संभवतात' म्हणतो, 'होणारच' म्हणत नाही.

माझे भांडण आहे ते 'होणारच' म्हणणाऱ्यांशी. यांच्याजवळ पंचांग नसते, पोपट नसतो, कपाळाला गंध नसते. यांच्याजवळ आकडे असतात. केस कापायला बसावे तर डोक्यावर कात्री धरून न्हावी सांगतो, उपांत्य फेरीत कोण चार येणार. शिक्षकांच्या खोलीत गणिताचे मास्तर वहीच्या मागल्या पानावर गुण मांडून दाखवतात. चेंबूरकडे जाणाऱ्या बसमध्ये दोन अनोळखी माणसे अंतिम सामन्याच्या नाणेफेकीवरून हातघाईवर येतात. २०२७ साली दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे आणि नामिबिया या तीन देशांत पुरुषांच्या क्रिकेटचा विश्वचषक व्हायचा ठरला आहे. चौदा संघ आहेत. पण आमच्या नाक्यावर तो चषक जिंकून, उंचावून, मिरवणूक काढून कधीच झाला आहे! आता फक्त ते सामने खेळण्याचा उपचार तेवढा उरला आहे.

या रोगावर मी लिहायला बसलो आहे. मी कोण? माहुल गावात राहणारा चित्रकलेचा मास्तर. शिक्षण मॅट्रिक, म्हणजे आताची दहावी. पुढे चित्रकलेच्या परीक्षा दिल्या आणि खडू हाती धरला. चार कादंबऱ्या लिहिल्या, त्या वाचनालयात धूळ झटकून मिळतात. क्रिकेट गल्लीपलीकडे कधी खेळलो नाही. तेव्हा 'तुम्हांला खेळातले काय कळते हो?' असे कोणी विचारण्याआधीच उत्तर देऊन टाकतो : फारसे कळत नाही. पण माझी तक्रार खेळणाऱ्यांबद्दल नाहीच. ती बघणाऱ्यांबद्दल आहे, आणि बघणाऱ्यांतला मी मुरलेला आहे. इतकेच नव्हे, तर ज्या गुन्ह्याची फिर्याद मी आज मांडतो आहे, त्यातला पहिला आरोपी मीच आहे.

आमचे माहुल म्हणजे मुंबईच्या पूर्व कडेला, ट्रॉम्ब्याच्या बाजूला, खाडीकाठी वसलेले जुने कोळ्यांचे गाव. एका अंगाला तेलशुद्धीचे कारखाने, दुसऱ्या अंगाला कांदळवन आणि चिखल. हिवाळ्यात या चिखलावर रोहित पक्षी उतरतात आणि लांबून माणसे ते बघायला येतात. आमच्या वाडीच्या तोंडाशी एक काळा फळा टांगलेला आहे. पाणी कधी येणार, सत्यनारायण कोणाकडे, कोणाचे तेरावे कधी, हे त्यावर लिहितात. अक्षर बरे म्हणून ते काम माझ्याकडे आले. आणि मोठी स्पर्धा आली की त्याच फळ्यावर रंगीत खडूंनी तक्ता काढायचा, कोण कोणाला हरवणार हे बाणांनी दाखवायचे आणि सर्वांत वर विजेत्याचे नाव कोरायचे, हेही काम माझ्याकडे आले. वाडीतली मंडळी भोवती उभी राहून भाकिते सांगत आणि मी ती लिहीत असे. खडूने लिहिलेली गोष्ट किती खरी वाटते, हे मास्तरखेरीज दुसऱ्या कोणाला कळायचे नाही.

२०२३ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. भारताचा संघ एकामागून एक दहा सामने जिंकला होता. १५ नोव्हेंबरला आपल्या वानखेडे मैदानावर न्यूझीलंडपुढे ३९७ धावांचा डोंगर उभा केला, विराट कोहलीने पन्नासावे शतक काढले, मोहम्मद शमीने सात बळी घेतले. आता राहिलाच काय प्रश्न? १८ तारखेच्या रात्री मी फळा स्वच्छ पुसला आणि तिरंगी अक्षरांत लिहिले, 'विश्वविजेता भारत'. खाली एक चषक काढला. त्याची चकाकी दाखवायला पिवळ्या खडूत थोडा पांढरा मिसळला. चित्र उत्तम साधले होते, हे मी आजही म्हणेन. वाडीतल्या पोरांनी दिवाळीतले उरलेले फटाके जमा करून फळ्याखाली मांडून ठेवले.

दुसऱ्या दिवशी अहमदाबादेस काय झाले ते वाचकांना ठाऊक आहे. भारताच्या २४० धावा झाल्या. ऑस्ट्रेलियाचे तीन गडी सत्तेचाळीस धावांत गेले, तेव्हा फळ्याखालच्या एका पोराने काडी पेटवलीही होती. मग ट्रॅव्हिस हेड उभा राहिला आणि १३७ धावा काढून त्याने सामना नेला. वाडीत पडदा लावला होता, दीडदोनशे माणसे होती. त्या माणसाने पायांवर जाऊन, हात मोकळे सोडून एक फटका असा मारला की चेंडू जमिनीला चिकटून गेला. तेव्हा पुढच्या रांगेत बसलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलीने टाळ्या वाजवल्या. माझीच विद्यार्थिनी. तिला कोणी शिकवले नव्हते की सुंदर गोष्ट आधी कोणाची आहे ते विचारायचे आणि मग टाळी वाजवायची. मागून तिच्या चुलत्याचा हात आला आणि तिच्या पाठीत बसला. ती रडली नाही. तिने मागे वळून पाहिले, मग फळ्याकडे पाहिले आणि मांडीखाली हात दाबून बसली.

मी चार हातांवर होतो. मी काही बोललो नाही. काय बोलणार? त्या चुलत्याच्या हातात जो राग होता, त्याचे मूळ माझ्या खडूत होते. भारत जिंकावा, अशी इच्छा असती तर हरल्यावर वाईट वाटले असते. पण इच्छा नव्हती, ताबा होता. चषक कालच आमचा झाला होता आणि आज कोणी परका तो चोरून नेत होता. चोराच्या फटक्याला टाळी वाजवणारी पोर घरभेदी ठरणारच.

माझे सगळे म्हणणे एवढेच आहे. आशा आणि भाकीत या दोन गोष्टी एक नव्हेत. आशा करणारा मनुष्य खेळाकडे बघत असतो, भाकीत करणारा आपल्या भाकिताकडे बघत असतो. संघ जिंकला तर त्याला आनंद होत नाही, 'मी म्हटलेच होते' असे समाधान होते. संघ हरला तर त्याला दुःख होत नाही, अपमान होतो. आणि दोन्ही वेळा समोरचा प्रतिस्पर्धी त्याला दिसतच नाही. तो जणू मेहनत करून आलेला माणूस नाही, आपल्या वाटेतला दगड आहे. त्या रात्री अहमदाबादेत चषक दिला जात होता तेव्हा प्रेक्षकांच्या खुर्च्या मोठ्या संख्येने रिकाम्या झाल्या होत्या. दहा सामने जिंकून आलेल्या आपल्याच मुलांना निरोप द्यायलाही लोक थांबले नाहीत. यांना प्रेमिक म्हणायचे?

याच देशात दुसरे चित्रही मी पाहिले आहे. ३१ जानेवारी १९९९. मद्रासेत पाकिस्तानने आपल्याला अवघ्या बारा धावांनी हरवले. पाठीच्या दुखण्यासकट सचिनने १३६ धावा काढल्या होत्या आणि तो बाद होताच उरलेला डाव कोसळला. मैदान क्षणभर सुन्न झाले. आणि मग तेच मैदान उभे राहिले. पाकिस्तानच्या खेळाडूंनी मैदानाला फेरी घातली आणि त्या लोकांनी उभ्याने टाळ्या वाजवल्या. ते लोक आपलेच होते. त्यांचे सचिनवर प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? पण ते खेळ बघायला आले होते, निकालाची पावती घ्यायला नव्हे.

आता भाकीतवाल्यांची बाजूही ऐकली पाहिजे. पहिले म्हणणे असे : 'मास्तर, अहो गंमत असते ती. सणासुदीला चार माणसे जमली, फराळाची ताटे आली, की थोडे हे जिंकणार ते हरणार चालायचेच. तुम्ही त्यात तत्त्वज्ञान कशाला कालवता?' कबूल. गंमत होती तोवर मीही गमतीने लिहीत होतो. २०१० साली जर्मनीतल्या एका मत्स्यालयातल्या पॉल नावाच्या ऑक्टोपसने फुटबॉलच्या विश्वचषकातल्या आठ सामन्यांची आठही भाकिते बरोबर सांगितली. ही खरी गंमत! आमच्या माहुलमध्ये हा माकुळाचा भाऊबंद एवढे दिवस टिकला नसता, पहिल्या सामन्याआधीच कालवणात गेला असता. पण लक्षात घ्या, ऑक्टोपसने कधी कोणाच्या पाठीत धपाटा घातला नाही.

आणि गमतीच्या पाठोपाठ पैसा येतो, हेही आपण बघितले. 'तुमचा अंदाज बरोबर असेल तर मोबाईलवर पैसे लावा' असे नामवंत खेळाडूच जाहिरातींतून आम्हांला सांगू लागले. आमच्या ओळखीच्या एका तरुणाने बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम अशीच अंदाजाअंदाजाने घालवली. तो बिचारा जुगारी नव्हता हो. त्याची फक्त खात्री होती. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. ठीक झाले. पण खात्रीवर बंदी घालणारा कायदा कोणती संसद करणार? तो आपल्यालाच करावा लागेल, आपापल्या घरात.

दुसरे म्हणणे जरा वजनदार आहे. गणिताचे मास्तर ते मांडतात. 'हे भविष्य नव्हे, हे शास्त्र आहे. मागचे आकडे घ्या, खेळपट्टी घ्या, हवा घ्या, उत्तर निघते.' निघते ना! ७ नोव्हेंबर २०२३ रोजी वानखेडेवर अफगाणिस्तानने २९१ धावा केल्या आणि ऑस्ट्रेलियाचे सात गडी ९१ धावांत बाद झाले. त्या क्षणी जगातल्या कोणत्याही गणितज्ञाने एकच उत्तर दिले असते. आमच्याकडे दूरदर्शनसंच बंदही झाला होता. मग ग्लेन मॅक्सवेल नावाचा मनुष्य पायात गोळे येऊन जमिनीवर आडवा पडला, उठला, एका जागी उभ्याने मारीत राहिला आणि नाबाद २०१ धावांवर थांबला. दुसऱ्या टोकाला पॅट कमिन्सने अडुसष्ट चेंडू खेळून फक्त बारा धावा केल्या, पण तो हलला नाही. सामना तीन गडी राखून जिंकला. चेंबूरहून गाडीने तासाभरात पोहोचावे एवढ्या अंतरावर हे घडत होते आणि आम्ही 'झाले, संपले' म्हणून जेवायला बसलो होतो. भाकिताने आमची काय चोरी केली म्हणाल, तर ही. डोळ्यांसमोर वाढलेले पक्वान्न आम्ही झाकून ठेवले.

रग्बी हा खेळ आपल्याकडे फारसा कोणी बघत नाही. लांबोळका चेंडू काखेत मारून धावायचे, पुढच्याने अंगावर झेपावून पाडायचे, असा तो दांडगा प्रकार. आमच्या वाडीतल्या एका पोराने मात्र त्याचा नाद लावून घेतला आहे. त्याने मला २०१५ च्या रग्बी विश्वचषकातला एक सामना दाखवला. १९ सप्टेंबर, इंग्लंडमधले ब्रायटन, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध जपान. दक्षिण आफ्रिका दोनदा विश्वविजेती. जपानने त्या दिवसापर्यंतच्या सर्व विश्वचषकांत मिळून एकच सामना जिंकलेला, तोही १९९१ साली. निकाल सांगायला ऑक्टोपसही लागला नसता. शेवटच्या क्षणांत जपान तीन गुणांनी मागे होते आणि त्यांना दंडाची एक लाथ मिळाली. ती मारली की तीन गुण, बरोबरी, आणि बरोबरी म्हणजे सुद्धा पराक्रमच. पण जपानचा कर्णधार मायकेल लीच याने बरोबरी नाकारली. पाच गुणांसाठी ते पुन्हा त्या पहाडांच्या अंगावर गेले आणि ३४-३२ असे जिंकले. मी त्या पोराला विचारले, 'तुझे भाकीत काय होते रे?' तो म्हणाला, 'सर, मला तर तेव्हा नियमसुद्धा माहीत नव्हते. म्हणून तर शेवटपर्यंत बघितला.'

यावर गणिताचे मास्तर म्हणतात की हे अपवाद झाले. असतील. पण माणसे खेळ बघतात ती कशासाठी? जे आकड्यांत मावते ते आकडे आधीच सांगून बसले आहेत. जे मावत नाही त्यासाठी तर आपण रात्र जागवतो.

आमच्या शेजारी एक म्हातारे नाखवा आहेत. त्यांना तिथीवरून भरती-ओहोटी पाठ आहे. अमावस्या-पुनवेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. घड्याळ न बघता ते सांगतील की पाणी आता कुठवर आले. एकदा मी त्यांना थट्टेने म्हटले, 'नाखवा, तुम्ही एवढे भविष्य जाणता, मग आज जाळ्यात काय येणार तेही सांगा.' ते हसले नाहीत. म्हणाले, 'मास्तर, भरती कवा येल ते मी सांगन. म्हावरा किती गावल ते नाय सांगनार. त्यो दर्याचा मान हाय.' खाडीत तेल उतरते, मासळी दूर गेली, जाळ्यात प्लास्टिक अधिक येते. तरी हा माणूस होडी काढतो. अंदाज तोही करतो, पण अंदाज केल्यावर होडीत स्वतः बसतो. आमचे भाकीतवाले किनाऱ्यावर बसून दुसऱ्याच्या होडीतले मासे मोजतात आणि कमी भरले की नावाड्याला शिव्या देतात.

बरे, भाकीत चुकले तर प्रायश्चित्त? १९८३ च्या विश्वचषकाआधी 'विस्डेन क्रिकेट मंथली'चे संपादक डेव्हिड फ्रिथ यांनी भारतीय संघाची चांगलीच टर उडवली होती. २५ जूनला लॉर्ड्सवर कपिलदेवच्या संघाने १८३ धावांवर वेस्ट इंडिजला १४० त गुंडाळले. मग अमेरिकेतल्या एका वाचकाने फ्रिथसाहेबांना पत्र लिहून कळवले की आता आपण आपले शब्द खावेत. त्या गृहस्थाने खरोखरच ते छापील शब्द तोंडात घातले, आणि तसा आपला फोटो आपल्याच मासिकात छापला! या माणसाबद्दल मला अत्यंत आदर आहे. आमच्याकडे मात्र चुकलेला भविष्यवेत्ता आपले शब्द कधी खात नाही, तो खेळाडूला खातो. 'अमक्याला काढा, तमक्याने पैसे खाल्ले, मी म्हणतच होतो' असे म्हणून तो दुसऱ्या दिवशी नवा तक्ता मांडतो. माझ्या फळ्यावरही तेच झाले. २० नोव्हेंबरच्या सकाळी मी फळा पुसला, तेव्हा खडूची तिरंगी पूड माझ्या सदऱ्यावर उडाली आणि मी ती झटकून शाळेत गेलो. प्रायश्चित्त संपले.

ते तसेच संपले असते, पण २०२५ ची दिवाळी आली. महिलांचा विश्वचषक भारतात चालू होता. आपल्या मुली आधी दक्षिण आफ्रिकेशी हरल्या, मग ऑस्ट्रेलियाशी, आणि १९ ऑक्टोबरला इंदुरास इंग्लंडशी जिंकत आलेला सामना चार धावांनी हरल्या. दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी. अभ्यंगस्नान आटोपून, उटण्याच्या वासानिशी मंडळी फळ्यापाशी जमली आणि कारीट फोडावे तसा एकेकीला फोडू लागली. 'बायकांना दडपण झेपत नाही', 'यांना घरी पाठवा', 'मास्तर, पुसा तो तक्ता'. मी डस्टर हातात घेतले. तेव्हा ती मुलगी पुढे झाली, टाळ्यांबद्दल धपाटा खाल्लेली. आता अकरा वर्षांची. ती म्हणाली, 'सर, अजून सामने आहेत ना?' एवढेच. त्या जिंकतील असे ती म्हणाली नाही. सामने आहेत, एवढेच ती म्हणाली. आणि ते अक्षरशः खरे होते. मी डस्टर खाली ठेवले.

भाऊबिजेच्या दिवशी, २३ तारखेस, नवी मुंबईत त्यांनी न्यूझीलंडला हरवले. ते मैदान आमच्या खाडीच्या पलीकडे, नेरुळला. ३० तारखेला उपांत्य सामन्यात, सात वेळा विश्वविजेत्या ठरलेल्या ऑस्ट्रेलियाने ३३८ धावा केल्या. महिलांच्या एकदिवसीय सामन्यांत एवढ्या धावांचा पाठलाग तोवर कोणी केला नव्हता. आपल्या मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ धावा काढून तो केला. हीच जेमिमा इंग्लंडच्या सामन्यात संघाबाहेर बसली होती. आणि २ नोव्हेंबरच्या अंतिम सामन्यात ८७ धावा काढून दोन बळी घेणारी शफाली वर्मा? ती मूळ चमूतच नव्हती! प्रतिका रावल जायबंदी झाली म्हणून तिला बोलावणे धाडले. वाचकहो, जगातला कोणता तक्ता, कोणते गणित, कोणता ऑक्टोपस चमूत नसलेल्या मुलीचे नाव अंतिम सामन्याच्या मानकऱ्यांत लिहिणार होता? दक्षिण आफ्रिकेच्या लॉरा वोल्व्हार्टने शतक काढले, तेव्हा आमच्या पडद्यासमोर टाळ्या वाजल्या. या वेळी ती मुलगी एकटी नव्हती. मीही वाजवल्या. चुलते बाजूलाच होते, पण मास्तराच्या पाठीत धपाटा घालायची आमच्या गावात अजून रीत नाही. भारत ५२ धावांनी जिंकला. आणि काय सांगू, भाकीत न करता मिळालेल्या विजयाची गोडी निराळीच. तो कोणाचे देणे म्हणून आलेला नव्हता, न मागता पानात पडलेला लाडू होता.

त्या संघाचे प्रशिक्षक होते अमोल मुझुमदार. याच मनुष्याच्या आयुष्यात भाकिताचा सगळा हिशेब आहे. १९८८ साली शाळकरी सचिन आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची भागी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पायांना पॅड बांधून हा मुलगा बसून राहिला होता. पुढे रणजी स्पर्धेतल्या पहिल्याच सामन्यात त्याने २६० धावा केल्या आणि मुंबईने तक्ता मांडला : हा दुसरा तेंडुलकर. झाले! त्या दिवसापासून तो अमोल मुझुमदार राहिला नाही. पहिल्या दर्जाच्या क्रिकेटमध्ये त्याने अकरा हजारांवर धावा केल्या, पण भारताच्या संघात एकदाही त्याचे नाव आले नाही. आता सांगा, अकरा हजार धावा काढणाऱ्याला अपयशी कोणी ठरवले? त्याच्या बॅटीने? आपल्या भाकिताने ठरवले. आधी त्याच्या डोक्यावर दुसऱ्याची टोपी घातली आणि मग ती बसत नाही म्हणून त्याच्याकडे कीव करून पाहिले.

आणि इथे माझ्या हातातला खडू जड होतो. कारण ही भाकिते क्रिकेटवरच थांबत नाहीत. नाक्यावर चौदा संघांचे भविष्य सांगून घरी आलेला मनुष्य जेवताना पोरांचे भविष्य सांगतो. 'हा नाव काढणार', 'हिचे काही खरे नाही.' आमच्या माहुलमध्ये शहराच्या निरनिराळ्या भागांतून उठवलेली माणसे आणून वसवली. त्यांच्या मुलांविषयी शिक्षकांच्या खोलीत किती तक्ते मांडले गेले, ते मी ऐकले आहे. ऐकले आहे म्हणजे काय, मीही मांडले आहेत. 'ही मुले टिकायची नाहीत', असे मी एका सहकाऱ्याला म्हणालो होतो. दारातून ते एका मुलाने ऐकले. पुढल्या महिन्यापासून तो आला नाही. तो माझ्या वाक्यामुळे गेला की घरच्या अडचणीने, हे मला कळलेले नाही. पण माझे भाकीत खरे ठरले, आणि कधी नव्हे ते 'मी म्हटलेच होते' असे म्हणायला माझी जीभ उचलली नाही.

म्हणून यंदाच्या दिवाळीत माझी वाचकांना विनंती आहे. आशा करा, नवस बोला, देवापुढे नारळ ठेवा, हरल्यावर दोन घास कमी जेवा. ते सगळे प्रेमात बसते. फक्त आधीच निकाल लावून मोकळे होऊ नका. फराळाच्या ताटाभोवती कोणी 'यंदा चषक आपलाच' म्हणून सुरू झाला, तर त्याच्या हाती एक कडक लाडू द्या. लाडू फुटेपर्यंत विषय बदलतो, हा स्वानुभव आहे. आणि शेजारी बसलेल्या लहानग्याने परक्याच्या फटक्याला टाळी वाजवली, तर तुम्हीही वाजवा. त्याला खेळ दिसतो आहे. आपल्याला तो दिसायचा कधीच बंद झाला असेल, तर त्याच्याकडून शिकायला हरकत नाही.

आमच्या वाडीचा फळा अजून तसाच टांगलेला आहे. आता मी त्यावर सामन्याची तारीख लिहितो, वेळ लिहितो, दोन्ही संघांची नावे सारख्या आकाराच्या अक्षरांत लिहितो आणि खाली बरीच जागा कोरी सोडतो. सामना झाला की ती मुलगी येऊन तिथे धावा लिहिते. तिचे अक्षर फार चांगले नाही. सुधारेल, असे मी म्हणणार होतो. पण ते राहू द्या.